रॉकेलात धुतलेलं रबर

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, भाऊच्या नाही. आई गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. जळगावात माझं गॅरेज आहे. लोक एकमेकांना सांगतात, ब्रेकचं काम ना, मग यांच्याकडेच जा, डोळे झाकून जा. ते ऐकलं की मी तिथून उठून जातो. का उठतो तेच सांगायला बसलोय. पण एकदम नाही जमायचं. इतकी वर्षं आत दाबलेलं आहे, जरा आडवळणानं येऊ द्या.

आधी गाडीचं सांगतो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. आमचं शेत असोद्याला, गावापासून लांब, नाल्यापलीकडे. केळी. पावसाळ्यात आणि नंतरही दोन महिने त्या नाल्यात काळा चिखल असा की बैलगाडी आसापर्यंत रुतायची. केळीचे घड बायामाणसांच्या डोक्यावरून सडकेपर्यंत आणायचे. घड काळा पडला की व्यापारी नाक मुरडणार. भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ, दरवर्षी वैतागायचा. मग एके दिवशी त्यानं धुळ्याच्या एका सरकारी लिलावातून एक मोडकी पिकअप उचलली. पुढं जीपचं तोंड, मागं हौदा, चारी चाकांना इंजिनाचा जोर. म्हणजे कधीकाळी होता. आमच्याकडे आली तेव्हा बॉनेटखाली खारीचं घरटं होतं! धुळ्याहून ट्रकच्या मागे बांधून आणली, पारोळा, एरंडोल, सगळ्या गावांत लोक हसले. आईनं दारात ती पाहिली आणि विचारलं, "हे आनलं का फेकून द्याले नेऊ राह्यले?"

ती गाडी आम्ही अंगणातल्या निंबाखाली नव्यानं जोडली. आम्ही म्हणजे मी आणि मिलिंद.

मिलिंद माझा दोस्त. बुद्धविहारामागच्या गल्लीत त्याचं घर. शाळेत एका बाकावर, पुढं जळगावला आयटीआयलाही एकाच बाकावर. दोघंही फिटर. त्याला माझ्यापेक्षा गुण जास्त पडले. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढं लागणार आहे. त्याला भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली, मला नाही लागली. मी भाऊच्या शेतावर आणि इकडच्या-तिकडच्या पंपांवर हात काळे करत राहिलो. पण दोस्ती होती हो! दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा, आईच्या हातची कळण्याची भाकर आणि ठेचा खायचा, आणि संध्याकाळपर्यंत गाडीखाली.

पाच महिने लागले. निंबाच्या फांदीला साखळी टाकून इंजिन उचललं. सांगाडा जोडला, कमानपाटे वाढवून गाडी वीतभर उंच केली, मोठ्या गुटक्यांचे टायर घातले, धुराची नळी पार टपाच्या वर नेली, नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून. एकेक भाग सोडवायचा, रॉकेलात धुवायचा, पुसायचा, परत बसवायचा. रॉकेल रेशनचं. आई ओरडायची, "चुलीले थेंब नाही अन् तुमची गाडी रोज न्हाते!" मिलिंद हसून म्हणायचा, "आई, हिच्यातच बसवून नेतो तुले जळगावले." असे दिवस होते. माझ्या आयुष्यात तेवढे चांगले दिवस परत आले नाहीत, आणि त्याला जबाबदार मीच.

आता मुद्द्याकडं यायला हवं. येतो.

लोक बघायला यायचे. पारावरून उठून यायचे. आणि म्हणायचे काय, तर "मिलिंदची गाडी कुठवर आली?" मिलिंदची गाडी! अंगण आमचं, गाडी भाऊची, आठवड्याचे सहा दिवस राबणारा मी. तो रविवारचा पाहुणा. पण खरं सांगू का? लोकांचं चूक नव्हतं. अडलं की मी त्याचीच वाट पाहायचो. माझ्या हातून जे दोन दिवसांत व्हायचं नाही ते तो तासाभरात करायचा. भाऊसुद्धा म्हणाला, पोराच्या हाताला यश आहे. ते मला लागलं. ताट सारून उठलो. दोस्ताच्या कौतुकानं जळणारा माणूस कधी पाहिलाय? मी होतो तो.

दसरा जवळ आला. भाऊनं ठरवलं, दसऱ्याला गाडीची पूजा आणि लगेच केळीची कटाई. फक्त ब्रेक राहिले होते. आधीच्या रविवारी जाताना मिलिंद दारातून परत फिरला, मला म्हणाला, "बाकी काहीबी कर, पन ब्रेकचं रबर मी आल्यावर. त्याले रॉकेल नको लावजो, भो. रबर फुगतं."

ब्रेकचं पायडल दाबलं की एका नळकांड्यातून तेल चाकांकडं ढकललं जातं. त्या नळकांड्यात बोराएवढी रबराची वाटी असते. सगळा जीव त्या वाटीत. ती ब्रेकच्याच तेलानं धुवायची असते. आयटीआयत शिकवलं होतं, मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण तेलाचा डबा एकच होता, तो भरायलाच पुरला असता. आणि मला दसऱ्याच्या आधी, मिलिंद यायच्या आधी, एकट्यानं ब्रेक बसवून दाखवायचे होते. रॉकेलचं तसराळं समोरच होतं. पाच महिने सगळं त्यातच धूत होतो. ती नवी वाटी मी त्यात बुडवली, अंगठ्यानं चोळली आणि बसवून टाकली. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय!

दसऱ्याच्या सकाळी मिलिंद आला. सगळं जोडलेलं पाहून चकित झाला, आणि खुश झाला हो, मनापासून. पाठीवर थाप मारली. मग एकच विचारलं, "ब्रेकच्या तेलानंच धुतलं नं?"

मी म्हणालो, "मंग काय! मले काय समजत नाही का?"

त्यानं विश्वास ठेवला. मग आम्ही ब्रेकच्या तेलातली हवा काढायला बसलो. मी आत पायडल दाबत होतो, तो खाली. शेवटी त्यानं नळकांड्यावरच्या तेलाच्या पाइपचा नट कसला. हेही लक्षात ठेवा. नट त्यानं कसला.

झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला. भाऊनं गाडी नाल्यात घातली आणि ती चिखलातून गुरगुरत वर चढली तेव्हा सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. आईनं मिलिंदला ओवाळलं. मला नंतर.

चार दिवस गाडी राबली. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, "पायडल वर येत नाही रे लवकर. चाकंबी तापू राह्यली."

इथं थांबतो जरा.

कारण मला कळलं होतं. अपघात झाल्यावर नाही, त्या क्षणी कळलं होतं. वाटी फुगली होती, नळकांड्यात अडकत होती. एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, गाडी उभी कर, मी रॉकेलात धुतलंय, माझं चुकलं. किती शब्द झाले? आणि मी काय म्हणालो? "नवं हाये. रुळंल." रविवारी मिलिंद आला की तो पाहील, नळकांडं उघडेल, आणि मग सगळ्यांना कळेल — याचीच मला जास्त भीती वाटली. भाऊच्या जिवाची नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ घडांनी भरलेली गाडी घेऊन नाल्याच्या उताराला लागला. खालून धुणं घेऊन बाया वर येत होत्या. त्यानं पायडल दाबलं, ते पोकळ गेलं, ब्रेक लागलाच नाही. बाया वाचाव्यात म्हणून त्यानं गाडी दरडीवर घातली. गाडी कलंडली, त्याचा उजवा पाय खाली सापडला. जळगावला नेला. पाय गुडघ्याखालून काढला.

मी दवाखान्यात गेलो नाही. वहिनी रडत होती, आई बधिर झाली होती, सगळे टेम्पोत चढत होते, आणि मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी गाडी ओढून आणतो. ट्रॅक्टरनं अंगणात आणली. निंबाखाली कोणी नव्हतं. मी पाइप सोडला, नळकांडं उघडलं. वाटी फुगून दीडपट झाली होती, कडा मुडपलेल्या. ती काढून खिशात घातली. डब्यात काढून ठेवलेली जुनी वाटी तिच्या जागी बसवली, झाकण लावलं. घाई इतकी होती की मिलिंदनं कसलेला तो पाइपचा नट नीट बसला नाही. तो मी तसाच सोडला. तिकडं माझ्या भावाचा पाय कापत होते, आणि मी इकडं हे करत होतो.

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. आधी दवाखाना, मग अंगण. दहा-पंधरा माणसं जमलेली. तो गाडीखाली शिरला. मी भिंतीला टेकून उभा. वाटत होतं, उघडेल आता. त्यानं उघडलंच नाही, गरजच पडली नाही. बाहेर आला तेव्हा बोटांना तेल होतं. चेहरा असा की पाहवेना. कुणी विचारलं नव्हतं. लपवता आलं असतं त्याला, जसं मी लपवलं. पण तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नट ढिला हाये. तेल इथूनच गेलं. मीच कसला व्हता. माह्याच हातून राह्यला."

आणि मी? मी खाली पाहिलं.

गाव काय काय बोललं ते सगळं लिहीत नाही, लिहवत नाही. एकच लिहितो. "सवलतीत लागलेल्या फिटरचं काम असंच असनार." माझ्यापेक्षा जास्त गुण पडलेला माणूस! आदल्या आठवड्यात त्याला डोक्यावर घेणारं हेच गाव. मी पारावर बसून हे ऐकलं, चहा पीत ऐकलं. त्याच्या म्हाताऱ्या बापानं त्या पारासमोरून जायचं सोडलं, विहाराला मागून वळसा घेऊन जायचा. तेही पाहिलं.

भाऊनं मात्र त्याला कधी बोल लावला नाही. दवाखान्यातच त्याचा हात धरून म्हणाला, "जाऊ दे. मानसाच्या हातून व्हतं." त्यानं मिलिंद जास्तच मोडला. दर दसऱ्याला यायचा, भाऊला आपट्याचं सोनं द्यायचा, वाकून त्याच्या उरलेल्या पायाला हात लावायचा. चहा पितानाही मान वर करायचा नाही. मी समोर बसलेलो असायचो.

त्यानं कारखान्यात अर्ज करून स्वतःला स्टोअरच्या खिडकीवर बदलून घेतलं. सामान द्यायचं, सही घ्यायची. पान्याला हात लावायचा नाही. आणि त्याची पान्यांची पेटी, बापानं घेऊन दिलेली, ती उचलून माझ्याकडं घेऊन आला. "तूच ठेव. माह्या हाताचा मलेच भरोसा नाही राह्यला."

मी ठेवून घेतली. त्या पेटीवर मी जळगावला गॅरेज टाकलं, घर बांधलं, पोरींची लग्नं केली. माझ्याकडं कोणी ब्रेकच्या रबराजवळ रॉकेल नेलं तर मी अंगावर धावून जातो. कारागीर मागून हसतात, शेठ लई कडक आहेत म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मिलिंदला काविळीनं धरलं. भुसावळला दवाखान्यात भेटायला गेलो. हळदीसारखा पिवळा पडला होता. बायको पाणी आणायला गेली तसं त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, "एक इचारू? तो नट. मी पाना दोनदा फिरवला व्हता. डोक्याले आठवत नाही आता, पन हाताले आठवते. मंग ढिला कसा राह्यला असंन, भो?"

म्हणजे तेरा-चौदा वर्षं तो रोज तो पाना फिरवून पाहत होता.

खोलीत दोघंच होतो. त्याच्याकडं दिवस उरले नव्हते, कुणाला सांगणार होता तो? माझं काय जाणार होतं? मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "जुनं झालं, आता कायले काढतो?" त्यानं डोळे मिटले. मान हलवली, जणू माझंच बरोबर आहे. चार दिवसांनी गेला.

फुगलेली वाटी अजून आहे. त्याच्याच पेटीत, तळाच्या कप्प्यात. आता सुकून दगड झालीय. भाऊ असोद्यालाच असतो, लाकडी पाय लावून बांधापर्यंत जातो. त्याला चष्म्यानं वाचता येतं. हे तो वाचेल. मिलिंदच्या मुलीही वाचतील, दोघी शिकलेल्या आहेत.

मिलिंदनं पाना दोनदा फिरवला होता. मी पायडलवर पाय ठेवून बसलो होतो, दारातून वाकून पाहत होतो. दुसऱ्यांदा फिरवताना त्यानं ओठ दाताखाली धरला होता. नट घट्ट बसला होता.