ब्रुसेल्सच्या गाण्यांना गुण देणारी मिरोफोरा

"तुझ्या एका आकड्यानं काय होणार आहे?" त्रिफोनासनं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून वर काढला, पण तोंडात घातला नाही. "अकरा जण बसणार तुम्ही. बाकीचे दहा ग्रीसलाच देणार. तू एकटीनं कसली मिजास दाखवतेस?"

"काहीच होणार नसेल तर तुला घाम का फुटलाय?" मिरोफोरा म्हणाली.

"मी शब्द दिलाय."

"तू दिलायस ना? मग तूच जा निकोसियाला आणि बस खुर्चीवर."

सकाळच्या कॉफीला सुरू झालेला वाद दुपारच्या जेवणापर्यंत आला होता. त्रिफोनास बस घेऊन लार्नाकाला दोन खेपा करून आला, तरी घरात पाऊल टाकताच त्यानं तो अर्ध्या वाक्यावरून पुढे चालू केला. समोर मिरोफोराच्या सासूबाई, एलेंगू, बाकल्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलगी अंद्री आज कामावरून लवकर आली होती. ती ताटात बघत जेवत होती. भांडण तिच्याच सोयरिकीवरून चाललं होतं आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

झालं होतं ते असं. येत्या शनिवारी ब्रुसेल्सला सगळ्या देशांची गाण्याची स्पर्धा होती, १९८७ सालची. सायप्रसच्या परीक्षकांत मिरोफोराचं नाव लागलं होतं. गाणंबजावणं हा ज्यांचा धंदा नाही अशी साधी माणसं हवी होती, म्हणून तिनं फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड टाकलं होतं. तेव्हा घरातले सगळे हसले होते. ईस्टरनंतर टीव्ही केंद्राचा फोन आला तेव्हा कुणी हसलं नाही. त्रिफोनासनं ते बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. नाव बाहेर फोडायचं नाही अशी ताकीद होती, पण ती मिरोफोराला होती, आपल्याला नाही, असं त्याचं म्हणणं.

तिथेही थांबला असता तर चाललं असतं. पण अंद्रीचं पिरेयसच्या पेरिक्लीसशी जमलं होतं, रविवारी साखरपुडा होता, आणि मुलाचा बाप स्तामातिस शनिवारी सकाळीच बोटीनं येऊन संध्याकाळी याच खोलीत टीव्हीसमोर बसणार होता. त्याला त्रिफोनासनं फोनवर छातीठोक सांगून टाकलं, "आमच्या घरातून ग्रीसला सगळ्यात जास्त. लिहून ठेवा."

"पोरी," एलेंगू शेंगेतून बी काढत म्हणाल्या, "ग्रीसला आपण नाही द्यायचं तर काय नॉर्वेवाल्यांनी द्यायचं? ते आपल्याला देतात, आपण त्यांना देतो. लग्नात नाही का, ज्यानं आपल्या पोराला आहेर केला त्याच्या पोराला आपण करतो."

"आई, हे लग्न नाही."

"रविवारचं लग्नाचंच आहे की. माणूस समुद्र ओलांडून येणार, आणि इथे त्याला कळणार की विहिणीनं हात आखडता घेतला. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

"आणि तुला त्यांचं गाणं आवडत नाही असंही नाही," त्रिफोनास म्हणाला. "परवा टीव्हीवर दाखवलं तेव्हा पाय हलवत होतीस. मी बघितलं."

"हलवत होते. कदाचित शनिवारी सगळ्यात जास्त त्यांनाच देईन."

त्रिफोनासनं पाव खाली ठेवला. "मग भांडतेस कशाला, बाई?"

"ऐकायच्या आधी देणार नाही, म्हणून."

हे त्याला कळलं नाही, आणि कळावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. ती उठली, नळाखाली हात धुतले आणि तशीच सिंकला टेकून उभी राहिली.

मिरोफोरा अकरा वर्षांची असताना गावच्या जत्रेत मुलींच्या गाण्याची स्पर्धा लागली होती. परीक्षक तिघं : मास्तर, पाद्री आणि तेलाच्या घाण्याचा मालक हाजीलोइझोस. हा हाजीलोइझोस मिरोफोराचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी यानंच तिला तेल लावून हातावर घेतलं होतं. आधी धनगराची रोदू गायली. ती गायला लागली तशी मांडवात मांस चघळणाऱ्या माणसांचे जबडे थांबले. मग मिरोफोरा गायली. चांगली गायली. बक्षीस तिला मिळालं, निळ्या कातड्याचे नवे बूट. अंगठ्याशी चावायचे, तरी तिनं ते दोन वर्षं वापरले.

गावात कुणी हूं की चूं केलं नाही. धर्मपित्यानं धर्मकन्येला द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं? मास्तर आणि पाद्री दोघांचं तेल त्याच्याच घाण्यावर निघायचं. परतताना वाटेत रोदू तिच्याशी नेहमीसारखी बोलली. "तुझा धर्मपिता होता ना वर," एवढंच म्हणाली, ऊन पडलंय असं सांगावं तसं. त्यात राग नव्हता. पण त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही.

मिरोफोरा मात्र गात राहिली. लग्नाच्या सकाळी नवरीला सजवताना, कमरेला तांबडा रुमाल बांधताना, व्हायोलिनवाल्याच्या शेजारी उभं राहून जी गाणी म्हणायची असतात त्यांना आजूबाजूच्या पाच गावांत मिरोफोरालाच बोलावणं असे. शिवणकामानं तिची बोटं जाड झाली, पण गळा साफ राहिला. बायका म्हणायच्या, काय आवाज आहे. तिला ते खोटं वाटायचं नाही. आवाज चांगला आहे हे ती जाणून होती. फक्त पहिल्यांदा हे कुणी म्हटलं होतं आणि का म्हटलं होतं, ते आठवायचं, आणि पायाचा अंगठा आखडायचा.

यंदा गुड फ्रायडेला फुलांनी मढवलेल्या प्रभूच्या पालखीमागून सगळं गाव विलाप गात निघालं होतं. मिरोफोरा नेहमीप्रमाणे पुढे होती. कोपऱ्यावर पालखी वळायला थांबली तेव्हा पाठीमागून एक सूर आला, अगदी हळू, मेणबत्ती विझू नये म्हणून जपून चालावं तसा. तो रोदूचा आहे हे कळायला तिला वळून बघावं लागलं नाही. पुढच्या ओळीला तिनं आपला आवाज खाली आणला, त्याच्या पुढच्या ओळीला आणखी खाली. चौकापर्यंत ती नुसते ओठ हलवत गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"काय ठरवलंस?" त्रिफोनासनं विचारलं.

मिरोफोरानं ॲप्रनला हात पुसले, ओसरीत गेली आणि फोन फिरवायला लागली. पिरेयसचा नंबर मोठा होता. इतके आकडे म्हणजे कोण ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"स्तामातिस, मी मिरोफोरा बोलतेय. आमच्या त्रिफोनासनं तुम्हाला माझ्या वतीनं एक शब्द दिलाय. तो त्याचा होता, माझा नाही. मी गाणं ऐकणार, मग गुण देणार. तुमच्या गाण्यालाही तसेच."

मग स्तामातिस म्हणाला, "विहीणबाई, म्हणजे तुम्ही देणार नाही?"

"तसं म्हटलं नाही मी. शनिवारी त्यांच्या गळ्यातून काय निघतं ते बघणार."

"मी इथे सगळ्या गल्लीला सांगून बसलोय."

"मग गल्लीलाही हेच सांगा. आवडलं तर भरभरून देईन, आणि ते खरे असतील. नाही आवडलं तर तुमच्या मुलासाठी मी काय शिजवते त्यात फरक पडणार नाही."

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. मागे एक बाई काहीतरी बोलत होती, लांबलचक. स्तामातिस परत आला तेव्हा त्याचा आवाज जरा नरमला होता, पण फार नाही.

"बायको म्हणतेय, असली विहीण असेल तर हुंड्यात आलेले चादरी-अभ्रे उलगडून तपासायची गरज नाही. मला मात्र राग आलाय, सांगून ठेवतो. उद्या बोटीत बसतोय. पोचेपर्यंत उतरला तर उतरला."

"उतरला नाही तर जेवल्यावर उतरेल," मिरोफोरा म्हणाली आणि फोन ठेवला.

आत आली तेव्हा त्रिफोनास खुर्चीतून अर्धवट उठलेला होता. "येतोय का तो?"

"येतोय. रागावून येतोय."

"घ्या," एलेंगू म्हणाल्या. "आता त्याच्याशेजारी टीव्हीसमोर मी बसू वाटतं."

"तुम्हीच बसा, आई. तुम्ही रागावलेल्या माणसाला घाबरत नाही."

एलेंगूंनी बाकल्याची एक शेंग उगाचच दोनदा सोलली. अंद्रीनं पहिल्यांदा ताटातून मान वर केली, आणि तिच्या तोंडावर हसू होतं.

"आता ऐका," मिरोफोरानं ताटं गोळा करत सांगितलं. "शनिवारी मला निकोसियाला बसनं तूच सोडणार, त्रिफोन, आणि वाटेत गाण्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. प्रत्येक गाणं संपलं की केंद्राची माणसं आमचे गुणांचे कागद घेऊन जातात. तेवढ्यात मला जे वाटेल ते मी लिहीन. आणि सप्टेंबरात लग्नाच्या सकाळी अंद्रीला सजवतील तेव्हा मी गाणार नाही. मी तिचा तांबडा रुमाल बांधेन. गाणार रोदू. आज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन मी तिला तसं सांगणार आहे."