चार नंबरच्या खाणीपाशी ठेवलेली डबी

वर्ना हुडाकने बावीस वर्षं कोळशाच्या रेल्वे-वाघिणींवर आकडे रंगवले. टॅनर्स गॅपच्या दुरुस्ती-शेडमध्ये या कामावर घेतलेली ती पहिली बाई. पहिल्याच दिवशी मुकादमाने विचारलं, "रेघ सरळ येईल ना, बाई?" तिने आकडा काढला आणि फूटपट्टी त्याच्याच हातात दिली. "घ्या, लावून बघा." पुन्हा कुणी विचारलं नाही.

आधी खाणी बंद पडल्या, मग शेड, आणि शेवटी रूळही उखडून नेले. पेनसिल्व्हेनियाच्या त्या दरीत नऊशे माणसं, तीन चर्चं आणि चर्चच्या तळघरात शुक्रवारी मिळणारे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, एवढंच उरलं. वर्नाचा हात मात्र स्वस्थ बसेना. भाचीने तिला डब्या लपवण्याचा नाद लावला. घट्ट झाकणाच्या डबीत हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही घालायची, डबी रानात लपवायची आणि तिथवर पोचायच्या खुणा लिहून जाहीर करायच्या. शोधत येणारा तिचा शिक्का आपल्या वहीत उमटवतो, आपला शिक्का तिच्या वहीत उमटवतो, डबी होती तशी झाकतो आणि चालू लागतो. बक्षीस वगैरे काही नाही.

जुन्या रुळांच्या वाटेवर वर्नाने अकरा डब्या लपवल्या. अकरावी चार नंबरच्या खाणीच्या तोंडाशी होती. तिच्या शिक्क्यावर कोळसा ओढणारं खेचर. लांबलांबून माणसं येऊ लागली.

मे महिन्यात ओहायोहून आलेल्या एका जोडप्याने तिला सांगितलं, "खाणीजवळची डबी काही सापडली नाही."

वर्ना लगेच गेली. डबी खरंच नव्हती. पण वरचे दगड कुणी भिरकावलेले नव्हते. फटी बुजवून, एका ओळीत, नीट रचून ठेवले होते. असे दगड रुळांखाली खडी बसवलेला माणूसच रचतो, आणि गावात तसा एकच उरला होता.

एमलिन रीस ओसरीवर बसून बटाटे सोलत होता. शाळेत तो तिच्या चार वर्षं पुढे होता.

"एमलिन, डबी आण."

"कसली डबी?"

"चोरी करताना तरी दगड वेडेवाकडे टाकायचेस."

तो हसला नाही. आत गेला आणि डबी आणून तिच्यापुढे आपटली.

"तुझा खेळ होतो. परकी माणसं तिथं दात काढत फोटो काढतात. माझा बाप आत आहे, वर्ना. सहा जण आहेत. छत बसलं आणि कंपनीने तोंड बुजवून टाकलं. आणि तू तिथं खेचराचं चित्र ठेवतेस!"

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, वर्नालाही. पण कोरायला बसली तेव्हा तिच्या मनात आली नव्हती. तिचे कान तापले. तरी तिने नजर वळवली नाही.

"खेचर चुकलं. ती चूक माझी. पण डबी तिथंच राहणार."

"का म्हणून?"

"गेल्या वर्षी त्या तोंडापाशी दोनशे चौदा माणसं येऊन गेली, वहीतले शिक्के मोज. त्याआधी कोण जात होतं? तू जात होतास?"

"माझे गुडघे..."

"गुडघ्यांचं नको सांगू. डबी आणायला बरे चालले!"

एमलिनने सुरी खाली ठेवली. मग त्याने आतून पितळेचा एक गोल बिल्ला आणला. खाणीत उतरताना प्रत्येक जण असा बिल्ला फळ्यावर टांगून जायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. बापाच्या या बिल्ल्यावर २१७ होतं. हा कुणी काढून घ्यायला आलाच नव्हता.

"घरी नेऊन खेचराऐवजी हाच आकडा कोरते," वर्ना म्हणाली.

"इथंच बस. माझ्यासमोर कोर."

तिने घरून रबर आणलं आणि त्याच्या स्वयंपाकघरात कोरायला घेतलं. पहिल्या तुकड्यात साताची मान लांब झाली; तिने तो टाकून दिला. दुसरा साधला. एमलिनने शाई लावून कागदावर दाबला, बिल्ला शेजारी धरला आणि चष्मा काढून पुसत बसला. मग वहीच्या पहिल्या पानावर त्याने सहाही नावं स्वतःच्या हाताने लिहिली.

रविवारी दोघं डबी ठेवायला गेले, तर ओहायोचं ते जोडपं पुन्हा शोधायला आलेलं.

"हा आकडा कसला, आजोबा?" त्यातल्या बाईने विचारलं.

एमलिन सांगू लागला. दिवे कुठे मिळायचे, बाप कुठली शीळ घालत उतरायचा, आई त्या दिवशी कुठल्या झाडाखाली उभी होती. वर्ना दगडावर बसून सँडविच खात होती. तिचं संपलं, तरी याचं चालूच. ऐकून झाल्यावर बाईने वहीत आपला शिक्का उमटवला आणि त्याचा मागितला. त्याच्याकडे कुठला असणार? त्याने अंगठा शाईत बुडवला आणि तिच्या वहीत ठेवला.

जुलैत बाराव्या डबीची जागा एमलिननेच शोधली. खुणांमध्ये वर्नाने पावलांचा आकडा चुकीचा लिहिला, म्हणून तो तिच्याशी दोन दिवस भांडत होता.