सासऱ्यांची गाठ

माझे सासरे मासे धरायच्या काठ्या स्वतः करत. बांबू गोवरीच्या निखाऱ्यावर शेकून सरळ करायचे, त्याला जवसाचं तेल चोळायचे. ते डावखुरे होते; दोऱ्याला गळ बांधताना उलटा पीळ देत. ती गाठ घरात दुसऱ्या कुणालाच जमली नाही.

ते वारले त्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी त्यांची काठी अडाण नदीवर नेली. डोहात दोरा तुटला आणि गळ पाण्यातच राहिला. लढाईचे दिवस, बाजारात नवा गळ मिळत नव्हता. ह्यांनी तुटक्या दोऱ्याची काठी आणून भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल लावायला काठी घेतली, तर ओल्या दोऱ्याला गळ होता. गाठीला उलटा पीळ.

“तुमी बांधला का?” मी विचारलं.

“मले कुठं येते थे गाठ?” हे म्हणाले.

सासूबाईंनी गाठ बोटांनी चाचपली. “जाय, घेऊन जाय नदीवर,” त्या ह्यांना म्हणाल्या.

दुपारी हे भला मोठा मासा घेऊन आले. मी रांधला, पण आम्ही दोघांनी ताटं बाजूला सारली. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं.

“त्यायनं माह्यासाठी धाडला,” त्या म्हणाल्या, “मी काहून नाही खाऊ?”

आणि त्या पोटभर जेवल्या.