आजोबांचा आकडा

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की "कसे आहात?" म्हटल्यावर आजोबा "तीन" असं का सांगतात. ते नुसते हसले आणि टीव्हीकडे वळले. पुढच्या महिन्यात त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी तुम्हाला हे माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

पहिला गुडघा गेल्या हिवाळ्यात बदलला, इथे नगरलाच. आजोबांची सगळी नोकरी रणगाड्यांवर गेली. चढउतार करूनच गुडघे झिजले, असं ते म्हणतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, नवा गुडघा सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला नाही तर आखडतो. त्यासाठी घरी फिजिओथेरपीची एक मुलगी येऊ लागली. व्यायामाआधी ती विचारायची, "काका, शून्य ते दहा, किती दुखतंय?" आजोबा म्हणायचे, "शून्य." पलटणीत साहेबांना 'सब ठीक' सांगायचे, अगदी त्याच सुरात.

शून्य ऐकून डॉक्टरांनी दुखण्याची गोळी कमी केली. आणि गुडघा वाकेना. तिने पाय हातात घेतला की मांडी लाकडासारखी ताठ व्हायची. भर थंडीत आजोबांच्या कपाळावर घाम, तोंडाने मात्र शून्यच. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल.

घरी आल्यावर मी चहा केला आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "सीमेवरूनही असेच रिपोर्ट पाठवत होता का?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "शेजारच्या रणगाड्यातल्या पोराचे दोन्ही पाय गेले. त्याच्यापुढे मी गुडघ्याचं काय सांगू?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"त्याला नका सांगू," मी म्हटलं. "मला सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आठ."

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. गोळी पुन्हा पहिल्यासारखी सुरू झाली, तीही व्यायामाच्या थोडी आधी. व्यायामानंतर बर्फाची पिशवी. त्या मुलीने लांब श्वास घ्यायला शिकवलं. श्वास सोडताना पाय वाकवायचा. आजोबा म्हणाले, आता या वयात श्वास घ्यायला शिका. पण शिकले, आणि श्वास सोडताना स्वतःलाच कवायतीचे हुकूम देऊ लागले. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून मी मांडीला कोमट तिळाचं तेल चोळायचे, टाक्यांच्या व्रणापासून दूर. यातल्या कशाने किती गुण आला, ते मला सांगता येणार नाही. दुखणं थांबलं नव्हतं, पण मांडी सैल पडू लागली. पुन्हा भूल द्यावी लागली नाही.

गुडघा अजून पुरता वाकत नाही. पाटावर बसून जेवणं संपलं. थंडीत ठणका लागतो. त्या रणगाड्यातल्या पोराबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मात्र रोज सकाळी चहा देताना मी विचारते, आणि ते खरा आकडा सांगतात. तेवढं अजून चालू आहे.