तपासायला दिलेली कादंबरी

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत माझ्यासमोर बसून एक अमेरिकन कादंबरीकार लिहायचा, प्रत्येक संवाद आधी ओठांत पुटपुटून. तिथल्या मराठी मुलांचं ऐकून तोही मला काका म्हणायचा. मराठी कुटुंबावरची नवी कादंबरी त्याने विश्वासाने माझ्याकडे तपासायला दिली. चारशे पानं कोण वाचणार? आठवड्याने "फर्स्ट क्लास!" म्हणून मी ती न वाचताच परत केली.

पुस्तक आलं. लायब्ररीतल्याच कार्यक्रमात एक मावशी कडाडल्या, "सत्यनारायणाच्या पूजेला चिकन? अहो, एखाद्या मराठी माणसाला विचारायचंत तरी!"

सगळे हसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "चूक माझीच. मी कुणालाच विचारलं नाही."

पुढे त्याने काही लिहिलं नाही, असं ऐकतो. त्याने मला विचारलं होतं, हे मी आज सांगतो आहे. तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसत होतो.