स्सागे म्हणजे स्वस्त

हासानच्या बाजारगल्लीत सुल्लेचं केसांचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला टेकून सोफा आणि सोफ्यावर विजेची गरम चादर. त्या चादरीवर सुल्लेची सासू बसते. वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. आलेल्या बाईला ती उकडलेलं रताळं देते आणि सोलेपर्यंत तिच्याकडून गावची बातमी काढून घेते.

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जाहीर झाली तेव्हा सुल्लेने पहिलं काम केलं ते टॉवेल बदलण्याचं. दुकानाबाहेरच्या दांडीवर लाल टॉवेल वाळत दिसले तर ती मतपत्रिकेवरच्या दोन नंबरच्या पक्षाची, निळे दिसले तर एक नंबरच्या. आमचा ग्योंगसांग प्रांत सगळा लाल. डोंगरापलीकडचं जोल्ला सगळं निळं. सुल्लेने दोन डझन तपकिरी टॉवेल आणले आणि जुने पोत्यात घालून माळ्यावर टाकले.

"घाणेरडा रंग," सासू म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण बरा आहे."

सासूला सगळं माहीत होतं. गावात ते माहीत असलेली ती एकटीच होती, मुलगा गेल्यापासून. एकतीस वर्षांपूर्वी मुलाने रस्त्याच्या कामावरून बायको आणली ती जोल्लातल्या बोसोंगची, समुद्राकाठची. सासू त्यांना घ्यायला बसस्टँडवर गेली होती. नवी सून वाकून नमस्कार करून उभी राहिली, तोच सासू म्हणाली होती, "इथे कुणी विचारलं तर तू देजोनची. जोल्लाचं नाव या गावात तोंडातून काढायचं नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

देजोन देशाच्या मधोमध आहे, ना लाल ना निळं. तिथल्या माणसाला कुणी काही म्हणत नाही.

सुल्ले देजोनची झाली. बोलणं बदललं. आमच्याकडच्या जिभेला जोरकस 'स्स' जमत नाही. तांदळाला सगळा देश 'स्साल' म्हणतो, आम्ही 'साल' म्हणतो, आणि 'साल' म्हणजे खरं तर मांस. सुल्लेला चांगलं 'स्साल' म्हणता येत होतं. तिने ते सोडलं आणि एकतीस वर्षं ती वाण्याकडून पोतंभर मांस मागवत आली. दर हिवाळ्यात बोसोंगहून तिची बहीण नवा तांदूळ पाठवते. पोत्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव असतं. पोतं आलं की सासू दार लावून घेते, दोघी मिळून तांदूळ डब्यांत ओततात, आणि पोतं उलटं करून त्यात मुळे ठेवतात.

एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारेल. तर आमच्या गल्लीत कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक जोडपं होतं. मागच्या निवडणुकीत बोलता बोलता कळलं की ते जोल्लाचे. त्यांना कुणी शिवी दिली नाही, काच फोडली नाही. कपडे यायचे थांबले, एवढंच. रस्त्यात भेटलं की सगळे हसून नमस्कार करायचे. चार महिन्यांनी त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा निरोपाला बायका रताळी घेऊन गेल्या होत्या. त्या बायकांत सुल्लेही होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असते. त्या दिवशी दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एका खुर्चीत योंगजा, आमची वॉर्डप्रमुख. ती जिथे केस कुरळे करते तिथेच अर्धं गाव करतं. दुसऱ्या खुर्चीत हेरानबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. दोघी एका वर्गातल्या, साठ वर्षांची मैत्री. हेरानबाई गावातल्या एकट्या निळ्या. म्हणजे उघडपणे निळ्या.

दोघींच्या डोक्यात रंगीत कांड्या गुंडाळलेल्या होत्या. वर प्लास्टिकच्या टोप्या. अशा अवस्थेत माणसाला दोन तास कुठे जाता येत नाही, त्यामुळे भांडण पुरेपूर होतं.

"शुक्रवारी सगळ्यांनी माझ्याबरोबर यायचं," योंगजा म्हणाली. "व्हॅन सांगितली आहे. मतदान करायचं, येताना कालवणभात खायचा. आणि केंद्राबाहेर फोटो. दोन बोटं वर करून!"

"मी अंगठा वर करीन," हेरानबाई म्हणाल्या. एक नंबरवाले अंगठा दाखवतात.

"तू व्हॅनमधून उतरून चालत ये मग."

"चालत येईन. तुझ्या लोकांनी तीस वर्षांत बसथांब्याला छप्परसुद्धा घातलं नाही, चालायची सवय आहे मला. अगं, माझी सून बाळंत व्हायची तर देगू शहरात न्यावी लागली! गावात सुइणीइतकीही सोय नाही. आणि तुम्ही दर वेळी तोच लाल शिक्का."

"आणि तुझा एक नंबर आला की काय करेल? पोती भरभरून तांदूळ सरहद्दीपलीकडे, उत्तरेच्या शत्रूला पाठवेल."

"पाठवू दे की. तुझ्या घरचा मागितलाय का?"

"सुल्ले, ऐकतेस ना ही काय बोलते ते?"

"हो ना ताई," सुल्ले म्हणाली.

"सुल्ले, तूच सांग, छप्पर नको का?"

"हो ना बाई, पाहिजे," सुल्ले म्हणाली.

सोफ्यावरून सासू म्हणाली, "ती दोन्हीकडे मान हलवते, नाहीतर केस सारखे कापले जायचे नाहीत."

सगळ्या हसल्या. सुल्लेने योंगजाची टोपी काढली, बाटली उचलली आणि कांड्यांवर दुसरं औषध सोडायला लागली. केसांचा वळसा पक्का करणारं ते औषध डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या कपाळावर टॉवेलची गुंडाळी लावून ठेवते.

योंगजा थांबली नव्हती. "सगळा घोळ त्या जोल्लावाल्यांचा. तोंडावर गोड बोलायचं आणि मागून पाय ओढायचा, रक्तातच आहे त्यांच्या. डोळे झाकून एकालाच मत देतात. शंभरातले नव्वद!"

"आणि आपण काय डोळे उघडे ठेवून देतो?" हेरानबाई म्हणाल्या. "आपणही शंभरातले ऐंशी!"

"ऐंशी आणि नव्वद एकच का गं, मास्तरीण?" असं म्हणत योंगजा गर्रकन त्यांच्याकडे वळली. टॉवेलची गुंडाळी सरकली. औषधाची धार कपाळावरून थेट डोळ्यात गेली.

योंगजा किंचाळली. सुल्लेने तिचं डोकं मागे धरलं, दुसऱ्या हाताने पापणी उघडी ठेवली आणि सोफ्याच्या टोकाला पाण्याच्या भांड्यापाशी बसलेल्या सासूला ओरडून म्हणाली, "स्सागे! स्सागे!"

सासू गुडघे विसरून उठली. पाणी आलं. सुल्लेने भांडंभर पाणी डोळ्यावर ओतलं, मग नळाखाली डोकं धरून दहा मिनिटं ओतत राहिली. डोळा लाल झाला, पण दिसत होतं. योंगजाने आधी सुल्लेला बघितलं, मग हेरानबाईंना, मग आरशात स्वतःला.

"बघा," हेरानबाई म्हणाल्या, "डोळासुद्धा लालच निवडलास."

योंगजाला हसू आलं आणि सगळं निवळलं. मग गाल पुसता पुसता ती म्हणाली, "सुल्ले, तू मघाशी काय ओरडलीस गं?"

सुल्लेच्या हातातला टॉवेल थांबला.

तिच्या माहेरी 'स्सागे' म्हणजे लवकर. लहानपणी ती आणि बहीण ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचायच्या, आणि पाणी चढायला लागलं की आई बांधावरून हाका मारायची, स्सागे, स्सागे. बाकी सगळ्या देशात त्याच शब्दाचा अर्थ होतो स्वस्तात. आणि लवकर या अर्थाने तो फक्त जोल्लाची माणसं म्हणतात, हे दूरदर्शनवरच्या विनोदी मालिकांमुळे पोराटोरांनाही माहीत आहे.

"मी... पाणी म्हणत होते, ताई."

"पाणी नाही. सागे, सागे म्हणालीस. मी ऐकलं ना. डोळा गेला होता, कान नव्हते गेले."

"स्वस्तात!" सासू सोफ्यावरून म्हणाली. आवाज एकदम ठणठणीत. "सकाळपासून तेच चाललंय आमचं. निवडणुकीपर्यंत सगळ्यांचे केस स्वस्तात करून देऊ या, असं म्हणतेय ती मला. मी नाही म्हणत होते. तुझा डोळा गेला म्हणून घाबरून हिच्या तोंडून निघून गेलं. आता देईलच ती स्वस्तात, दुसरं काय करेल?"

योंगजाने ओला डोळा टिपला. मग योंगजा खो खो हसली. "डोळा माझा जळतोय आणि ही भाव कमी करतेय! अगं, आधी डोळा तरी धुवायचा!" तिने लगेच फोन काढून वॉर्डाच्या ग्रुपवर बातमी टाकली. सासूने खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'स्सागे', म्हणजे स्वस्तात, असं लिहायला लावलं. सुल्लेने ते काळ्या शाईत लिहिलं आणि काचेवर चिकटवलं. हेरानबाई तिच्या हाताकडे बघत होत्या. 

बुधवारी दुपारी त्या एकट्या आल्या. सासू दवाखान्यात गेली होती. केस कापायला काही उरलं नव्हतं, तरी त्या खुर्चीत बसल्या आणि आरशातून म्हणाल्या, "मानेवरचे जरा नीट कर."

सुल्लेने कात्री घेतली.

"कॉलेजात माझ्या खोलीत जोल्लातल्या सुन्चनची मुलगी होती," हेरानबाई म्हणाल्या. "चार वर्षं मला रोज पहाटे उठवायची. सागे, सागे. माझ्या जिभेला तो शब्द नीट म्हणता येत नाही. तुला परवा आला. पहिलं अक्षर कसं फुटाण्यासारखं फुटलं!"

कात्री चालत राहिली.

"सुल्ले, मी कुणाला सांगणार नाही. पण तू सांग. योंगजाच्या तोंडावर सांग, मी जोल्लाची आहे, आणि तुझा डोळा मीच वाचवला. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. आणखी दोघीतिघी आहेत, मनातून निळ्या. एकीने तोंड उघडलं की त्या उघडतील. शुक्रवारी केंद्राबाहेर आपण दोघी अंगठा दाखवू. नुसता विचार कर, केवढा फरक पडेल."

सुल्लेने आरशात बघितलं. हेरानबाईंचे डोळे चमकत होते. त्या मनापासून बोलत होत्या. योंगजाला तिची दोन बोटं हवी होती, यांना अंगठा हवा होता. मत कुणाला द्यायचंय, हे मात्र एकतीस वर्षांत तिला कुणी विचारलेलं नव्हतं. इस्त्रीवाल्यांचं दुकान समोरच होतं. तिथे आता मोबाइल दुरुस्त करून मिळतात. त्यांच्याही शेजारी कुणीतरी उभं राहिलंच होतं, निरोपाच्या दिवशी, रताळी घेऊन.

"बाई," ती म्हणाली, "मी स्वस्तात म्हणाले होते."

"अगं, मला कशाला—"

"आमच्या देजोनला तसंच म्हणतात. स्वस्ताला."

हेरानबाईंनी गळ्याभोवतीचं कापड सोडलं. मग मानेवरचे केस झटकून उठल्या. पर्स उघडली, काचेवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि त्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे कमीच पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी घासाघीस केली नव्हती, उलट रताळ्यांचे म्हणून थोडे जास्तच ठेवायच्या. दारात त्या म्हणाल्या, "येते."

आता त्या देगूला गेल्या की तिथेच केस कापून येतात.

शुक्रवारी व्हॅन भरून बायका गेल्या. पडद्यामागे सुल्ले एकटीच होती. मतपत्रिका, शिक्का, आणि पाठीमागे रांगेतल्या योंगजाचा आवाज, "आटपलं का गं?" सुल्लेने शिक्का उचलला. तो हातात धरून ती किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. मग मारला, कागद दुमडला, पेटीत टाकला. दुसरा शिक्का तिने मनगटावर मारला. फोटोत तोच दाखवायचा असतो. बाहेर आल्यावर योंगजाने तिला मधोमध उभं केलं. "दोन बोटं! नीट वर कर, सुल्ले, अशी भाजी निवडल्यासारखी काय धरतेस?" तिने नीट वर केली. तो फोटो वॉर्डाच्या ग्रुपवर अजून आहे. सुल्ले त्यात हसते आहे.

निकाल लागला, एक नंबर निवडून आला. योंगजाने चार दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं, मग पाचव्या दिवशी केस धुवायला आली. त्या सकाळी सुल्ले खुर्चीवर चढून काचेवरचा पुठ्ठा काढायला लागली होती.

"राहू दे," सासू सोफ्यावरून म्हणाली.

"निवडणूक झाली ना, आई. त्या भावात औषधसुद्धा निघत नाही."

"काढलास की कुणीतरी विचारेल, का काढला. मग बोलणं निघेल. मग कुणाला तरी आठवेल की तू ओरडलीस तेव्हा भावाचं काही चाललं नव्हतं, पाणी हवं होतं." सासूने रताळं सोललं. "राहू दे. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी नसेन. मग तुझं तू बघ."

सुल्ले खुर्चीवरून उतरली. चिकटपट्टीचं सुटलेलं टोक तिने अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं.

पाटी अजून तिथेच आहे, कडेने पिवळी पडलेली. आणि गावात दुकानाचं नावच पडलं आहे. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या, शाळेतून सुटलेली पोरं, खुद्द योंगजा, रस्त्यातून जाता जाता हाक मारतात, "काय गं सागे! सागे, आहेस का?" पहिलं अक्षर आमच्या पद्धतीने, मऊ. चेष्टेने नाही, मायेनेच.

हाक आली की सुल्लेचे पाय आपसूक दाराकडे वळतात, दोन पावलं घाईने पडतातही. मग ती थांबते, हात टॉवेलला पुसते आणि म्हणते, "या ना, ताई. स्वस्तात करते."