आमच्या दारावरचा कडुनिंब

आज सकाळी सहा चाळीसला दूध आणायला निघालो, तर आमच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधलेली. घरात तेरा दिवसांची मुलगी आहे आणि आमच्या सांगलीकडे मयताहून आल्यावर कडुनिंबाचा पाला चावतात. मी डहाळी तोडली आणि कचऱ्यात टाकली.

समोरच्या घरातल्या पंजाबी आजींनी, बीजींनी, ते पाहिलं. "ओए पुत्तर, ये क्या किया? मैंने बांधी थी! गली को पता चले कि घर में बच्चा आया है. लोग मुंडे के लिए बांधते हैं, मैं कुडी के लिए भी बांधती हूं."

मुंडा म्हणजे मुलगा आणि कुडी म्हणजे मुलगी, एवढं मला कळतं. मी हात जोडून कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "कुडी को नहलाता कौन है?"

"मीच," म्हणालो. इथे पंजाबात, खरड गावात, आमचं कोणी नाही. गुडघ्यांमुळे आई येऊ शकली नाही. तिला व्हिडिओ कॉलवर विचारत मी रोज अंघोळ घालतो. माझ्या बायकोचे, सुरेखाचे, टाके अजून ओले आहेत. ती सलग दोन तासही झोपलेली नाही.

अकरा वाजता बीजी नवी डहाळी आणि दोन शेजारणी घेऊन आल्या. सुरेखा लगेच झोपली. बाळ बीजींच्या पायांवर आहे. पाणी फार गरम नाही ना, हे मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढून दार लावून घेतलं.

तुम्ही पहिल्यांदा बाळ परक्या हातांत दिलंत, तेव्हा किती वेळ बाहेर थांबू शकलात? आतलं रडणं आत्ताच थांबलंय. मी दार वाजवू का?